गॅरेजमधून परत आलेली गाडी



शिंप्याकडे टाकलेला कोट बिघडला तर तो अंगाला होत नाहीं. घड्याळजीकडे दिलेलें घड्याळ बिघडलें तर वेळ चुकते. नुकसान होतें, मनस्ताप होतो, पण गोष्ट तेथेंच संपते. मोटारगाडीचें तसें नाहीं. दुरुस्तीला गेलेली गाडी बिघडून परत आली, तर तिच्यांत बसणाऱ्या माणसांच्या जिवावर बेतण्याचा संभव असतो. शिवाय कोटाची उसवलेली शिवण डोळ्यांना दिसते. गाडीच्या बॉनेटखालीं काय झालें आहे, हें बहुतेक मालकांना कळत नाहीं. यामुळें गॅरेजशीं तंटा निघाला म्हणजे मालक एक तर संतापून वाटेल तें बोलतो, किंवा निमूटपणें दुसऱ्या गॅरेजची वाट धरून त्याच कामाचे दुसऱ्यांदा पैसे मोजतो. या दोन्ही वाटांनीं त्याच्या पदरांत कांहीं पडत नाहीं. तिसरी एक वाट आहे. ती थोडी सावकाशीची आहे, पण ती शहाणपणाची आहे. तिच्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक उदाहरण कल्पूं या. कऱ्हाडचे एक गृहस्थ मे महिन्यांत मुलाबाळांसह कुंभार्ली घाटानें चिपळूणला जाणार आहेत. निघण्यापूर्वीं चार दिवस त्यांनीं आपली छोटी गाडी गॅरेजमध्यें दिली. इंजिनाचें ऑइल बदलणें, पुढच्या ब्रेकचे पॅड बदलणें, ब्रेकचें तेल बदलणें आणि चाकांची अदलाबदल करणें, एवढें काम सांगितलें. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं पैसे देऊन गाडी घरीं आणली. सकाळीं पाहतात तों गाडीखालीं बशीएवढा काळा डाग, आणि ब्रेकचा पॅडल नेहमींपेक्षां खोल जातो आहे. आतां त्यांनीं काय करावें ?

पहिली गोष्ट ही कीं, ती गाडी त्यांनीं जागची हलवूं नये. “गॅरेज जवळच आहे, हळूहळू नेतों,” हा विचार अशा वेळीं मनांत येतोच; पण तो धोक्याचा आहे. त्याचें कारण समजण्यासाठीं ब्रेकची रचना थोडी पाहिली पाहिजे. आपण पायानें पॅडल दाबतों तेव्हां आपल्या पायाचा जोर नळ्यांतल्या द्रवामार्फत चाकांपर्यंत पोंचतो. द्रव दाबून लहान होत नाहीं, म्हणून जोर जसाच्या तसा पुढें जातो. परंतु हें तेल बदलतांना नळींत हवा शिरली आणि ती नीट काढून टाकली नाहीं, तर पायाचा जोर हवा दाबण्यांतच खर्च होतो. पॅडल स्पंजासारखा मऊ लागतो, खोल जातो, आणि गाडी थांबायला हवी तेथें थांबत नाहीं.

याहून फसवा प्रकार आणखी एक आहे. ब्रेकचें तेल, म्हणजे तो द्रव, हवेंतला ओलावा शोषून घेतो. बाजारांत ‘डॉट ४’ या नांवानें मिळणारा नवा द्रव निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाहीं, असें त्याचें प्रमाण आहे. पण ओलावा मुरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरलेली चालते. ‘डॉट ३’चे आंकडे अनुक्रमें २०५ आणि १४० असे आहेत. गांवांतल्या सपाट रस्त्यावर ब्रेक इतके तापत नाहींत, म्हणून जुना द्रव तसाच ठेवून नव्याचे पैसे घेतले असले तरी मालकाला पत्ता लागत नाहीं. घाट उतरतांना मात्र ब्रेक सारखे दाबावे लागतात, ते तापतात, द्रव उकळतो, त्याची वाफ होते. आणि वाफ हवेसारखीच दाबली जाते. ऐन वळणावर पॅडल तळाला टेकतो. त्याचप्रमाणें, ब्रेकच्या टाकींत चुकून इंजिनाचें ऑइल किंवा दुसरें खनिज तेल पडलें, तर आंतील रबराचीं सीलें फुगतात आणि साऱ्या ब्रेकचा नाश होतो. म्हणून ब्रेकविषयीं शंका आली कीं गाडी उचलून नेणारें वाहन बोलवावें; तो खर्च जिवापेक्षां मोठा नाहीं, आणि दोष गॅरेजचा ठरला तर तोहि मागतां येतो.

काळ्या डागाचें कारण बहुधा साधें असतें. ऑइल काढण्यासाठीं चेंबरच्या तळाचा बोल्ट सोडतात. त्याचा वॉशर नवा घातला नाहीं, किंवा बोल्ट वाजवीपेक्षां अधिक जोरानें पिळून अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे गेले, तर ऑइल ठिबकतें. कधीं जुन्या फिल्टरची रबरी चकती इंजिनाला चिकटून राहते आणि तिच्यावरच नवा फिल्टर बसविला जातो. दोन चकत्या एकावर एक आल्या म्हणजे ऑइल एकदम बाहेर पडूं शकतें. इंजिन थंड असतां, गाडी सपाट जागीं उभी करून, डिपस्टिक पुसून पाहावी. ऑइलाची रेघ खालच्या व वरच्या खुणेच्या मध्यें हवी. कमी असणें जसें वाईट, तसें वरच्या खुणेच्या बरेंच वर असणेंहि वाईट. कारण मग फिरता क्रॅंक तें घुसळतो आणि त्याला फेंस येतो. चालत्या गाडींत ऑइलच्या झारीचा तांबडा दिवा लागला, तर ‘पुढच्या पंपापर्यंत जाऊं’ असें न म्हणतां गाडी कडेला घेऊन इंजिन तत्काळ बंद करावें. ऑइलाच्या दाबाशिवाय इंजिन थोडा वेळ जरी चाललें, तरी हजारांचें काम लाखावर जाऊं शकतें.

राहिलीं चाकें. चाकांचे नट समोरासमोरच्या क्रमानें आणि ठरलेल्या जोरानेंच आवळावे लागतात. चाक काढून बसविल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हां तपासावेत, हा जाणत्यांचा नियम आहे. आणि त्याला पांच मिनिटें पुरतात.

येथें गॅरेजवाल्याची बाजूहि मांडली पाहिजे. आपल्या शास्त्रकारांनीं ‘काकतालीय’ नांवाचा एक न्याय सांगितला आहे. कावळा बसायला आणि ताडाचें फळ पडायला एकच गांठ पडते, म्हणून कावळ्यानें फळ पाडलें असें होत नाहीं. सर्व्हिसिंगनंतर आठ दिवसांनीं बॅटरी बसली, तर ती सर्व्हिसिंगमुळेंच बसली असें नव्हे. तिचें आयुष्यच संपलें असेल. म्हणून प्रश्न नेहमीं असा विचारावा : ज्या भागाला मिस्त्रीनें हात लावला, त्याच भागांत बिघाड आहे काय ? तो लगेच दिसला काय ? आणि तें काम नीट झालें असतें तर हा बिघाड झाला असता काय ? आपल्या उदाहरणांत बोल्ट गॅरेजनें सोडला, ब्रेकचें तेल गॅरेजनें बदललें, आणि रात्र उलटण्याच्या आंत दोष दिसला. येथें कावळ्याचा आणि फळाचा संबंध उघड आहे. जेथें तो उघड नसेल तेथें आधीं शांतपणें चौकशी करावी. बहुतेक मिस्त्री प्रामाणिक असतात, आणि खोट्या आरोपानें त्यांचीहि पोटापाण्याची अब्रू जाते.

दुसरी गोष्ट पुराव्याची. कांहींहि पुसण्यापूर्वीं डागाचीं, गाडीच्या खालच्या भागाचीं, डिपस्टिकवरच्या रेघेचीं आणि मीटरवरच्या किलोमीटरच्या आंकड्याचीं छायाचित्रें घ्यावींत. मोबाइलमुळें हें काम आतां कोणालाहि करतां येतें. बिल, जॉब-कार्ड आणि पैसे दिल्याची पावती एके ठिकाणीं ठेवावी. मुख्य म्हणजे दुसऱ्या मिस्त्रीकडून गाडी लगेच उघडून घेऊं नये. दुसऱ्यानें बोल्ट बदलला कीं पहिला म्हणतो, “माझा बोल्ट ठीक होता, यानेंच बिघडविला,” आणि त्याला खोटें ठरविणें कठीण जातें. दुसऱ्या जाणकाराला दाखवावयाचेंच असेल तर त्यानें कांहीं न काढतां पाहावें, आणि काय दिसलें तें तारीख व सही घालून लिहून द्यावें. काढलेला प्रत्येक भाग जपून ठेवावा. अशा तंट्यांत जुना वॉशर हाच पुष्कळदां उत्तम साक्षीदार असतो.

तिसरी गोष्ट, गॅरेजला दोष सुधारण्याची एक संधि द्यावी. हें केवळ सौजन्य नव्हे. पुढें प्रकरण वाढलें तर आपण वाजवीपणानें वागलों, हें दाखविण्याचें तें साधन आहे. फोनवर बोलणें होतेंच, पण त्याच दिवशीं तेंच लेखी कळवावें. मजकूर थोडक्यांत असावा : अमुक तारखेस गाडी दिली, अमुक कामें सांगितलीं, एवढे पैसे दिले, अमुक तारखेस अमुक दोष दिसले, गाडी चालविण्याजोगी नाहीं, तरी ती आपल्या खर्चानें नेऊन इतक्या दिवसांत दोष दूर करावा. रागाचा एकहि शब्द त्यांत नसावा. ‘चोर’, ‘लुटारू’ असे शब्द लिहिणाराचें खरें गाऱ्हाणेंहि ऐकणाराला खोटें वाटूं लागतें.

एवढ्यानें दहांतले बरेच तंटे मिटतात. न मिटल्यास कायदा काय म्हणतो, तें पाहूं.

दुसऱ्याची वस्तु विश्वासानें ठेवून घेणें हा व्यवहार आपल्याकडे फार जुना आहे. मनुस्मृतींत जीं अठरा व्यवहारपदें सांगितलीं आहेत, त्यांत ऋणादानानंतर दुसरें स्थान ‘निक्षेपा’चें आहे. आजहि १८७२ चा भारतीय करार अधिनियम हाच संबंध निक्षेप म्हणून ओळखतो. त्याच्या १५१ व्या कलमाचा आशय असा कीं, सामान्य शहाणा माणूस तशाच परिस्थितींत स्वतःच्या तशाच वस्तूची जितकी काळजी घेईल, तितकी काळजी वस्तु ठेवून घेणारानें घेतली पाहिजे. गॅरेजवाल्यानें ती घेतली नाहीं, तर नुकसान त्याच्या अंगावर येतें. शिवाय वस्तु त्याच्या ताब्यांत असतां हरवली किंवा मोडली, तर आपण योग्य काळजी घेतली होती, हें सिद्ध करण्याचा भार सामान्यतः त्याच्यावर असतो. कारण त्याच्या दाराआड काय घडलें, तें त्यालाच ठाऊक असतें.

पुष्कळ गॅरेजांत एक पाटी असते : ‘गाडी मालकाच्या जोखमीवर’. ती वाचून मालकाचा धीर खचतो. परंतु या बाबतींत सर्वोच्च न्यायालयानें नोव्हेंबर २०१९ मध्यें दिलेला एक निकाल ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. १९९८ सालीं दिल्लीच्या एका हॉटेलांत एका पाहुण्यानें आपली गाडी व किल्ली हॉटेलच्या नोकराच्या स्वाधीन केली. मिळालेल्या चिठ्ठीवर जोखीम मालकाची असल्याचें छापलेलें होतें. पाहुणा परत आला तों गाडी चोरीस गेलेली. न्यायालयानें असें ठरविलें कीं, गाडी एकदां ताब्यांत घेतली म्हणजे ती सुरक्षित परत करण्याची जबाबदारी येते, आणि छापील चिठ्ठीच्या आधारें हॉटेलला आपल्या किंवा आपल्या नोकरांच्या हलगर्जीपणांतून अंग काढून घेतां येत नाहीं. खटला हॉटेलचा होता, गॅरेजचा नव्हे. तथापि गाडी व किल्ली दुसऱ्याच्या हातीं देण्याचा व्यवहार दोन्हीकडे सारखाच आहे. केवळ पाटी पाहून परत फिरण्याचें कारण नाहीं.

आतां पैशांची अडचण. काम बिघडलें म्हणून मालक बिल देत नाहीं, आणि बिल मिळेपर्यंत गॅरेजवाला गाडी सोडीत नाहीं, असा पेंच वारंवार पडतो. करार अधिनियमाच्या १७० व्या कलमानें कारागिराला धारणाधिकार दिला आहे. म्हणजे वस्तूवर त्यानें श्रम किंवा कसब खर्च करून ठरलेलें काम केलें असेल, तर त्याच्या मोबदल्यासाठीं ती वस्तु त्याला अडवून ठेवतां येते. कायद्यांतच याचीं दोन उदाहरणें आहेत. जवाहिऱ्याकडे हिरा पैलू पाडण्यासाठीं दिला, त्यानें तो पाडला, तर मजुरी मिळेपर्यंत तो हिरा ठेवूं शकतो. उलट, शिंप्यानें कोट तयार होतांच देण्याचें आणि पैशांसाठीं तीन महिने थांबण्याचें कबूल केलें असेल, तर त्याला कोट अडवितां येत नाहीं. यावरून दोन गोष्टी निघतात. हा हक्क त्या वस्तूवर केलेल्या त्या कामापुरताच आहे. तुमच्या भावाच्या गाडीचें जुनें बिल थकलें म्हणून तुमची गाडी अडवितां येणार नाहीं. आणि काम कराराप्रमाणें झालेलें असलें पाहिजे. तें बिघडलें असेल तर हक्काचा पायाच डळमळतो. पण तें ठरायला काळ लागतो, आणि गाडी तोंवर तेथें धूळ खात पडते. म्हणून गाडीची निकड असेल तर व्यवहारी मार्ग असा कीं, बिलावर व पावतीवर ‘हरकत राखून पैसे दिले’ असें लिहावें, आपल्या पत्रांतहि तें नमूद करावें, गाडी सोडवून घ्यावी, आणि मग दाद मागावी. पैसे दिले म्हणजे काम मान्य केलें, असा अर्थ मग काढतां येत नाहीं.

दाद कोठें मागावी ? कामाच्या निकृष्टपणाबद्दल पोलिसांकडे धांव घेण्यांत सहसा अर्थ नसतो. १९८६ पूर्वीं दिवाणी न्यायालय हाच एक मार्ग होता, आणि पांचदहा हजारांसाठीं त्या पायऱ्या चढण्यास कोणी धजत नसे. त्या सालीं ग्राहक संरक्षणाचा कायदा झाला. त्याची जागा २०१९ च्या नव्या अधिनियमानें घेतली, आणि तो जुलै २०२० मध्यें अमलांत आला. मोबदला देऊन घेतलेल्या सेवेंतील उणीव ही या कायद्यान्वयें तक्रारीची बाब आहे. बिल न देणें ही तर अनुचित व्यापारी प्रथाच मानली आहे. म्हणून “बिल नको, तेवढा कर वांचेल,” या मोहाला बळी पडूं नये. व्यापारी हेतूनें घेतलेल्या सेवेला मात्र हा कायदा सामान्यतः लागू होत नाहीं.

प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी. कित्येकदां तेवढ्यानेंच गॅरेजवाला बोलणीं करावयास येतो. १९७५ सालीं स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थाहि या कामीं जागृत आहेत. त्यानेंहि न भागल्यास पंधरा दिवसांची मुदत देणारी नोटीस स्पीड पोस्टानें पाठवावी व तिची पावती जपावी. मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावें. दिलेला मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडेच चालतें, आणि तो पांच लाखांपर्यंत असेल तर फी पडत नाहीं. गॅरेजचें बिल या मर्यादेच्या सहसा आंतच असतें. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत करावी लागते. नव्या कायद्याची मोठी सोय ही कीं, तक्रारदार राहतो किंवा काम करतो त्या ठिकाणच्या आयोगाकडेहि जातां येतें; प्रवासांत पुण्याला गाडी बिघडविली गेली, तरी कऱ्हाडच्या गृहस्थांना साताऱ्यास दाद मागतां येईल. वकील देण्याची सक्ति नाहीं. २०२५ पासून ‘ई-जागृति’ या व्यवस्थेमार्फत घरबसल्याहि तक्रार दाखल होते.

प्रतिपक्षाला उत्तरासाठीं तीस दिवस, आणि फार तर आणखी पंधरा दिवस मिळतात. शक्य तर तीन महिन्यांत निकाल व्हावा, असें कायदा म्हणतो. व्यवहारांत पुष्कळदां अधिक काळ जातो, हें आधींच जाणून असावें. मागणी नेमकी करावी : बिघडलेल्या कामाचे पैसे परत, दुरुस्तीचा प्रत्यक्ष खर्च, गाडी उचलून नेल्याचें भाडें, आणि मनस्ताप व खर्चाबद्दल वाजवी रक्कम. पांच हजारांच्या कामासाठीं पांच लाख मागणाराकडे आयोग साशंक नजरेनेंच पाहील.

शेवटीं, तंटा उत्पन्नच होऊं नये म्हणून गाडी देतांना काय करावें, तें सांगतों. जॉब-कार्डावर प्रत्येक काम वेगळें लिहून घ्यावें. ‘सर्व्हिसिंग’ एवढाच शब्द पुरेसा नाहीं. मीटरचा आंकडा व अंगावरचे जुने ओरखडे नोंदवावेत. ‘विचारल्याशिवाय जास्तीचें काम करूं नये’ हें वाक्य लिहावें. जुने भाग परत मागावेत. नवे पॅड घातले असतील तर झिजलेले पॅड डिकींत दिसलेच पाहिजेत. गाडी परत घेतांना पैसे देण्यापूर्वीं मिस्त्रीला शेजारीं बसवून दोन किलोमीटर चालवावी, ब्रेक दाबून पाहावा, दहा मिनिटें उभी करून खालीं वाकून पाहावें. आणि घाटाचा प्रवास असेल तर गाडी निघण्याच्या आदल्या दिवशीं नव्हे, निदान आठवडाभर आधीं द्यावी, म्हणजे दोष निघाला तर तो घराच्या अंगणांत निघेल, घाटाच्या वळणावर निघणार नाहीं.

चांगला मिस्त्री या गोष्टींना रागावत नाहीं. लिहून घेणारें गिऱ्हाईक त्याला उलट सोयीचें वाटतें. कारण तोच कागद खोट्या आरोपापासून त्याचेंहि रक्षण करतो. जो रागावेल, त्याच्या हातीं आपल्या माणसांचे जीव सोपवावेत कीं नाहींत, हें ज्यानें त्यानें ठरवावें.